उचलण्याचा सोमवार

ऑल्डर्सकोट, श्रॉपशायर
१२ मार्च १९३४

चि. अँब्रोज यास,
अ. आ. वि. वि.

काल मदरिंग संडे झाला. आई जाऊन इतकी वर्षे लोटली तरी मर्सी या दिवशी न चुकता सिम्नेल केक करते, हे तुला माहीत आहे. यंदा तो मी केला. मर्सीने एक तुकडा खाल्ला, दुसरा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, ताई, हा ठेवून दे, बुटाचा तळ फाटला की कामाला येईल. एवढे बोलते म्हणजे प्रकृती वाईट नाही, हे तुझ्या लक्षात येईल.

आणि नेमकी तीच काळजी आहे. प्रकृती वाईट नाही, तरी ती खाली उतरत नाही. नोव्हेंबरात पाण्याच्या पंपाजवळ बर्फावरून घसरून कंबरेचे हाड मोडले, ते जानेवारीतच जुळले. खोलीत ती काठी टेकत पलंगापासून खिडकीपर्यंत हिंडते. पण जिन्याच्या तोंडाशी आली की मागे फिरते. फेब्रुवारीत डॉक्टर कॉरफील्ड यांच्या गड्याने तिला उचलून खाली आणायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच पायरीवर त्याचा पाय सरकला. पडले कोणी नाही, पण तेव्हापासून जिन्यात ती कोणाला हात लावू देत नाही.

डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की वसंतही असाच खोलीत गेला तर पाय कायमचे आखडतील आणि मग ती त्या खोलीचीच झाली. मी ते जसेच्या तसे मर्सीला सांगितले. त्यावर तिचे उत्तर, की खोली छान आहे, खिडकीतून कोंबड्या दिसतात. चौसष्ट वर्षांच्या बाईने कोंबड्या बघून समाधान मानावे! साऱ्या गावात बाग असावी तर हिची, आणि आता डॅफोडिल उमलले तर ते मी तोडून वर नेऊन द्यायचे.

तुला काही सुचत असेल तर कळव. विनोद नको.

बहिणींची आठवण ठेवतोस तशीच ठेवत जा.
तुझी ताई,
प्रिसिला

ब्रिस्टल
१६ मार्च १९३४

ती. प्रिसिलाताईस,
अँब्रोजचा शि. सा. न. वि. वि.

विनोद नको असं तू बजावलंस, म्हणून अगदी गंभीर चेहऱ्याने लिहितो. मर्सीला उचला.

डॉक्टरच्या गड्यासारखं नव्हे. आपल्या गावात उचलायचे तसं. ईस्टरच्या सोमवारी गावातले पुरुष फुलांनी मढवलेली खुर्ची घेऊन दारोदार यायचे, घरातल्या बाईला तीत बसवून तीनदा उंच उचलायचे आणि फुलांचा झुबका पाण्यात बुडवून तिच्या पावलांवर शिंपडायचे. मंगळवारी बायका पुरुषांना तसंच उचलायच्या, आणि बाबा त्या दिवशी सकाळपासून डुकरांच्या गोठ्यात लपून बसायचे. आठवलं ना? की केंब्रिजला जाताना ते सगळं गावातच ठेवून गेलीस?

मुलीला दहा वर्षं पुरी झाल्याशिवाय उचलत नसत. तुला उचललं तेव्हा तू इतकी ताठ बसली होतीस, की जेसी लोहाराचा आजा म्हणाला, ही पोर आहे का चर्चचा खांब? मर्सीला दहा पुरी झाली त्याच वर्षी नवीन पाद्रीबुवा आले आणि त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की हा धिंगाणा आहे, बंद करा. झाला बंद. पण मर्सीला ते कोणी सांगितलंच नाही. ती पांढरा एप्रन घालून, ओटीत प्रिमरोझ घेऊन सकाळपासून उंबऱ्यावर बसली होती. बाराची घंटा झाली, कोणी आलं नाही. आईने आतून हाक मारली, चल आता, कोबी गार होतोय. तू आत लॅटिनची क्रियापदं घोकत होतीस. मी पेअरच्या झाडावर होतो, म्हणून मला दिसलं. रडली नाही ती. ओटीतली फुलं तिने कोंबड्यांना टाकली आणि जेवायला गेली.

ताई, तिचं उचलणं राहून गेलं आहे. आणि खुर्ची अजून आहे. जेसी बेडोजच्या लोहारखान्यात, गेल्या उन्हाळ्यात, तीत मांजर पिल्लांसकट पसरलेलं मी स्वतः पाहिलं.

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस.
तुझा आज्ञाधारक (कधीमधी),
अँब्रोज

ऑल्डर्सकोट
२१ मार्च १९३४

चि. अँब्रोज यास,
अ. आ. वि. वि.

पत्र फाडले नाही. ड्रॉवरमध्ये ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. जन्मभर मुलींना भूमिती शिकवलेल्या बाईने लोहाराकडे जाऊन, माझ्या बहिणीला हवेत उचला, असे सांगावे, ही तुझी गंभीर सूचना!

तुझा मूर्खपणा दाखवावा एवढ्याच हेतूने मी ते पत्र मर्सीला वाचून दाखवले. ती विणत होती. तिने विणकाम मांडीवर ठेवले आणि विचारले, की जेसीच्या दंडात अजून तेवढी ताकद आहे का? मी म्हटले, तो प्रश्नच नाही. ती म्हणाली, प्रश्न तोच आहे, मी काही आता दहा वर्षांची नाही. मग म्हणाली, खुर्चीला फीत मात्र पिवळी हवी, निळी तुमच्या वेळी होती.

तेव्हा गेले लोहारखान्यात. जेसी ऐरणीवर हात टेकून इतका हसला की घोडा बिचकला. म्हणाला, त्याचा आजा सांगायचा, जी उचलली नाही ती पोर वर्षभर भांडी फोडते. मग मिस मर्सीकडे आता एक तरी बशी उरली आहे का? आमची भांडी शाबूत आहेत, असे मी त्याला सांगितले. मग मात्र गडी गंभीर झाला आणि मलाच नियम शिकवू लागला. उचलायचे ते बाराच्या घंटेच्या आत, नंतर नाही. पुरुषाचा हात फक्त लाकडाला लागेल, बाईला नाही. बसायचे तिचे तिने. हात लावला तर ते उचलणे नव्हे, तो चावटपणा. मांजराला दुसरी जागा शोधून देतो, असेही म्हणाला.

पाद्रीसाहेबांच्या कानावर घालणे माझे कर्तव्य होते. हे आपले तरुण पाद्री. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की खुर्चीचा एक पाय त्यांना धरू देतील का? काळ बदलला, हेच खरे.

मर्सी काल संध्याकाळी म्हणाली, खुर्ची वर माझ्या खोलीपर्यंत येईल ना? मी म्हटले, येईल, न यायला काय झाले?

तू आदल्या दिवशीच ये. हे खूळ तुझे आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
प्रिसिला

ब्रिस्टल
२७ मार्च १९३४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला यायचं फार मनात होतं, पण पायाचा अंगठा सुजून बीट झाला आहे. सोबत पिवळी फीत पाठवतो. दुकानदार म्हणाला, एवढी फीत म्हणजे घरात लग्न आहे वाटतं. मी म्हटलं, त्याहून मोठं काम आहे.

दोनच विनंत्या. सोमवारी दार तू स्वतः उघड. आणि त्या दिवशी हुकूम सोडू नकोस. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, ताई.

काय झालं ते सविस्तर लिही, एक अक्षर गाळू नकोस. लंगड्या भावावर कृपादृष्टी असू दे.
अँब्रोज

ऑल्डर्सकोट
२ एप्रिल १९३४

चि. अँब्रोज यास,
अ. आ. वि. वि.

प्रथम कालचे. ईस्टर आणि एक एप्रिल यंदा एकाच दिवशी. मी मर्सीबरोबर वरच न्याहारीला बसले. तिने माझ्यापुढे अंडे सरकवले, मी वर चमचा मारला, तर आत काही नाही. आधीच खाल्लेल्या अंड्याचे कवच उलटे करून ठेवले होते! लहानपणी हाच खेळ ती दरवर्षी करायची आणि मी दरवर्षी फसायची. ती इतकी हसली की चहा सांडला. नोव्हेंबरनंतर हे हसू मी पहिल्यांदा ऐकले.

आता आजचे. अकराच्या सुमारास गाणे ऐकू आले. जेसी, त्याचे दोन जावई, पोस्टमन आणि पाद्रीसाहेब. खुर्ची ओळखू येईना, इतके प्रिमरोझ आणि हिरवे डहाळे. वर तुझी फीत. तू सांगितलेस म्हणून दार मी उघडले. दार उघडणारीला आधी उचलतात, हे तू मुद्दाम लिहिले नाहीस. जेसीने टोपी काढली आणि सांगितले, मिस पार्डो, नाही म्हणणारीला पाचही जणांना मुका द्यावा लागतो. मी बसले. तिन्ही वेळा ताठ बसले. दुसऱ्या खेपेस चष्मा उडून फुलांत गेला. माझे चांगले बूट भिजले. शेजारच्या खिडक्यांतून कोण कोण टाळ्या वाजवत होते, ती नावे मी लक्षात ठेवली आहेत.

मग खुर्ची जिन्याने वर निघाली आणि वळणावर अडकली. आडवी केली, उलटी केली, तिरकी केली. मी खालून कोन सांगत होते. पाद्रीसाहेब म्हणाले, पाय कापले तर? त्यावर जेसीने त्यांच्याकडे असे पाहिले, की ते एक पायरी खाली उतरले. शेवटी मी म्हटले, पुरे झाले, तिला नीट धरून खाली आणा. जेसी म्हणाला, नाही बाई, हात लाकडाला. आजाला वर तोंड दाखवायचं आहे मला.

वर पाहिले तर मर्सी जिन्याच्या तोंडाशी काठी टेकून उभी. पांढरा एप्रन घातलेला. तिने विचारले, वाजले किती? पोस्टमन म्हणाला, बाराला थोडाच वेळ आहे. अँब्रोज, मला वाटले, ती मागे फिरणार. मी तोंड उघडले, तर म्हणाली, ताई, हुकूम नको. मग सगळ्यांना सांगितले, की खुर्ची अंगणात न्या आणि जिना मोकळा करा.

सगळे बाहेर गेले. मी खालच्या पायरीशी थांबले. तिने आधी काठी सोडली, ती खडखडत माझ्या पायाशी आली. मग ती वरच्या पायरीवर बसली आणि आपण लहानपणी पावसाळी दिवशी उतरायचो तशी, बसल्या बसल्या, एकेक पायरी खाली सरकू लागली. ओठ घट्ट आवळलेले. वळणावर थांबली. मला वाटले दमली, म्हणून पुढे झाले, तर एप्रनच्या टोकाने कठडा पुसून म्हणते कशी, ताई, इथे धूळ किती! हिवाळाभर झाडलंस तरी का?

खाली आल्यावर काठी मागितली. खालची खोली ओलांडून चालत गेली, उंबरा ओलांडला, आपली आपण खुर्चीत बसली. तिने पायांतल्या सपाता काढून ठेवल्या. म्हणाली, पाणी मला लागू दे. त्यांनी उचलले. तिसऱ्या खेपेस तिचा हात पेअरच्या फांदीला लागला आणि तेवढ्यात बाराची घंटा सुरू झाली. पुढचे मला अंधूक दिसले. चष्मा अजून सापडला नव्हता.

आत्ता ती स्वयंपाकघरात बसून माझ्या मटणाच्या रश्शाला नावे ठेवते आहे. वर कशी जाणार विचारले, तर म्हणाली, जशी आले तशी, उलटी.

एक विचारते. बाबांचे कपाट त्या वळणावर अडकले होते आणि खिडकी काढून ते आत घ्यावे लागले होते. त्या वेळी कपाटाखाली तू होतास. खुर्ची वर जाणार नाही, हे तुला ठाऊक होते. खरे सांग.

तरीही, आशीर्वाद.
प्रिसिला

ऑल्डर्सकोट
५ एप्रिल १९३४

ती. अँब्रोजदादास,
मर्सीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पेअरच्या झाडाखाली बसून लिहिते आहे. कोंबड्या पायांशी आहेत. खिडकीतून दिसायच्या त्यापेक्षा जवळून बऱ्याच मळलेल्या दिसतात. बागेची तर ताईने दशा केली आहे. गवताला खत घातलंय आणि कांदे उपटून टाकलेत.

मंगळवारी आम्ही बायकांनी जेसीला उचललं. सहा जणी लागलो. एका हाताने मी खुर्ची धरली होती, दुसऱ्या हातात काठी. म्हणजे वजन फारसं उचललं नाही, पण आरडाओरडा माझाच जास्त होता. पाद्रीसाहेबांचं वजन काहीच नाही, त्यांना तर आम्ही चार वेळा उचललं. ताईने झुबका धरला होता आणि त्यांचे मोजे पिळून काढावे लागतील इतकं पाणी शिंपडलं. सोमवारचा सूड, दुसरं काय!

तिने तुला जिन्याच्या वळणाबद्दल विचारलंय, असं तिच्या तोंडून कळलं. ती तुझ्यावर रागावून आहे, की तुला ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस. दादा, तो जिना मी पन्नास वर्षं झाडतेय. खुर्ची वर येणार नाही हे मला ठाऊक नसेल का? वर येईल ना, असं मी ताईला मुद्दाम विचारलं. तिने नाही म्हटलं असतं तर मलाही घाबरून नाही म्हणता आलं असतं. ती येईल म्हणाली आणि माझी पळवाट बंद झाली. हे तिला सांगू नकोस. भूमितीवरचा तिचा विश्वास उडेल.

त्या वर्षी मी उंबऱ्यावर बसून खुर्चीची वाट पाहिली होती. या वर्षी खुर्ची अंगणात माझी वाट पाहत उभी राहिली. फिटलं.

तुझा अंगठा बरा झाला असेल, कारण तो सुजलाच नव्हता. पुढच्या ईस्टरच्या मंगळवारी बाराच्या आत ये. डुकरांचा गोठा मी आधी बघून ठेवीन.

तोवर या उचललेल्या बहिणीवर लोभ असू दे.
मर्सी