हिरवं किती उरलं

३ फेब्रु., मंगळ.
हिरवं कमी झालंय! तीनदा फोकस लावून पाहिला. लॅबमध्ये अडीच महिने वाढवलेले मेंदूच्या पेशींचे गोळे, मसुरीएवढे. त्यांत मेंदूच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी सोडल्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. औषध घातलेल्या बारा गोळ्यांपैकी नऊमध्ये हिरवं आत शिरलेलंच नाही. नऊ!
विश्रांतवाडीला घरी पोचेपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते. बारावीच्या पुढे गेलेली घरात मीच, त्यामुळे सगळं समजावून सांगावं लागतं. आवडतं मला ते.
बाबा डेपोतून नुकतेच आले होते. "म्हणजे तुम्ही डोकं वाढवता?"
"डोकं नाही हो, मेंदूचा बारीक तुकडा. तो विचार करत नाही."
"मग आमच्या साहेबांचाच असेल."

४ फेब्रु., बुध.
गाठ एका पाच वर्षांच्या मुलीची. ऑपरेशननंतर आईवडिलांनी संशोधनाला दिली. नाव आम्हाला कळत नाही, फक्त नंबर. ती वाचली नाही, एवढं माहीत आहे.
शुक्रवारी आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम हॉस्पिटलच्या डॉक्टरांना निकाल दाखवणार. औषध पुढे न्यायचं की सोडायचं, तेव्हा ठरेल. न्यायलाच हवं.

५ फेब्रु., गुरु.
मॅडमनी वही पाहिली.
"मोजताना औषध कशात आहे ते माहीत होतं?"
"हो."
"मग हे मोजमाप नाही. ही तुझी इच्छा आहे."
रडू आलं. राग जास्त. शेजारच्या टेबलावरून शबाना, "बाजूला होऊन रड. पेशींच्या प्लेटमध्ये मीठ पडेल."
नंतर सगळे फोटो, औषधाचे नि बिनऔषधाचे, मिसळून नुसते आकडे घालून तिला दिले. ती मोजेल. नऊच येणार.

६ फेब्रु., शुक्र.
सहा.
माझ्या नऊमधले शबानाने न धरलेले तीन फोटो पुन्हा उघडले. काठावरून आत गेलेली हिरवी रेघ, स्वच्छ. मंगळवारी मला दिसलीच नव्हती. पण बिनऔषधाच्या सगळ्या गोळ्यांत हिरवं आतपर्यंत. म्हणजे सहा आहेत! माझ्या इच्छेशिवायचे सहा.
डॉक्टर म्हणाले, पुन्हा करून दाखवा, मग बोलू.
जिन्यात मॅडम, "नवे गोळे कधी लावतेस?"
"सकाळीच लावले."
"निकालाच्या आधीच? बरं."
या वेळी औषध कुठल्या गोळ्यांत, ते शबाना ठरवणार. मी कितीही गयावया केली तरी सांगायचं नाही, असं मीच तिला बजावलंय. अडीच महिने...