यादीत नसलेलं कॉलेज

ब्रायर क्रीक, ओहायो
३ मे

प्रिय मार्ला,

तू, पीट आणि टेसा खुशाल असाल. आम्ही दोघंही ठीक आहोत. थंडी संपली तसा रॉसचा गुडघा दुखायचा थांबलाय. परसातला आंबट देठांचा रुबार्ब यंदा एवढा माजलाय की शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही. तू जवळ असतीस तर बरण्या भरून मुरंबा दिला असता.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझी फुरसतीची वेळ नेमकी माझी बेकरीची असते, म्हणून. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून मी मधेच उठून आले, त्यावर आपण पुढे बोललो नाही. आत्ताही नको बोलायला. आईचा आजार तुझ्याकडे आलेला नाही, याचा मला खरोखर आनंद आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण ते कसंही लिहिलं तरी शुभेच्छापत्रावर छापल्यासारखं वाटत होतं.

बातमी ही की मी खरंच अर्ज भरतेय, मेडिकल कॉलेजचा. त्या दिवशी टेबलावर तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल, कोरीनला वाइन चढली. चढली नव्हती.

अर्ज एकच असतो, पण तो कुठल्या कुठल्या कॉलेजांना धाडायचा ते आपण ठरवायचं, आणि इथेच माझ्यासारखीचं घोडं पेंड खातं. बावीस वर्षांची पोरं मार्क बघून यादी करतात. माझे मार्क दोन तऱ्हांचे. गेली दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना बसून मिळवलेले कुणालाही दाखवावेत असे आहेत. पण वीस वर्षांपूर्वीचे, आईच्या आजारपणातले, त्यात मी दोन विषयांत चक्क नापास आहे, आणि ते अर्जातून गाळता येत नाही. वीस वर्षांत माणसं तुरुंगातूनसुद्धा सुटून येतात. वर्गातल्या एका मुलाने परवा मला विचारलं, तुम्ही कुणाच्या आई?

मिसेस क्वार्ल्स म्हणून एक बाई आमच्या संध्याकाळच्या कॉलेजात सल्ला द्यायला बसतात. सत्तरीच्या आहेत, जीभ तिखट. त्यांनी कॉलेजांचे दोन ढीग केले: वय झालेल्यांना खरोखर घेणारी, आणि घेतो असं नुसतं म्हणणारी. दुसऱ्या ढिगातल्या माहितीपत्रकांवर हटकून एक पिकल्या केसांचा विद्यार्थी हसत असतो, आणि दरवर्षी तो तोच असतो, असं त्यांचं म्हणणं. रॉसची पारख वेगळी आहे. तो हिवाळाभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसतो, त्यामुळे बर्फ नाही तिथे त्याला काम नाही. फ्लोरिडाचं नाव वाचून त्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "तिथे मी काय, वाळू उपसू?" ते गेलं.

सध्या यादीत अकरा आहेत. मेन, व्हरमाँट, मिनेसोटा, दोन्ही डाकोटा, असं करत करत पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. सगळी लांबची आहेत हे मलाही दिसतं. आपल्या शहरातलं घेतलं नाही. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तुला माहीतच आहे. यादी सोबत जोडलीय. थोरल्या बहिणीच्या नजरेखालून गेलेली बरी.

टेसाच्या लग्नाचा केक तिची मावशीच करणार, हे तिला सांग.

तुझी,
कोरीन

ब्रायर क्रीक
२९ मे

प्रिय मार्ला,

तुझं कार्ड मिळालं. "गाडी मी लावून देईन. खरं कारण सांग." एवढ्यासाठी तिकीट लावलंस. रॉसला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला वकील करायला हवं होतं," आणि बाहेर गाडी धुवायला निघून गेला. गाडी धुतलेलीच होती.

मिसेस क्वार्ल्सनीही तेच विचारलं होतं. आपल्या राज्यात राहणाऱ्यांना इथली कॉलेजं आधी घेतात, आणि माझ्या वयाच्या माणसाला खरी आशा कुठे असेल तर इथेच. तेच तू गाळलंस? मी म्हटलं, तिथे आमचं जमत नाही. त्या म्हणाल्या, माणसांशी न जमणारी माणसं पाहिली, इमारतीशी न जमणारी पहिलीच.

तर आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. त्या कॉलेजातला तो वर्ग आठवतो ना तुला?

मी सतरा वर्षांची होते, तू वीसची. पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर येशील का, असं डॉक्टरांनी आईला विचारलं, आणि आई लग्नाला निघाल्यासारखी नटली. निळा ड्रेस घातला. मान सारखी हलायची म्हणून तू तिची हनुवटी धरून लिपस्टिक लावलीस. उतरत्या पायऱ्यांचा तो वर्ग, खाली खुर्चीत आई, पहिल्या रांगेत आपण दोघी, तिची पर्स माझ्या मांडीवर. तिचे हातपाय आपापल्या मनाने हलत होते, आणि ती मुलांना हसवत होती. सांगत होती, नवरा म्हणायचा हिला नाचता येत नाही, आता ये म्हणावं बघायला. डॉक्टर भला माणूस होता, त्याचं काही चुकलं नाही. त्याने फळ्यावर आईबाप आणि खाली मुलं अशा रेघा काढल्या, आणि सांगितलं की या आजारात प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. ते ऐकल्यावर सगळ्या वर्गाने आईवरची नजर काढली आणि आपल्यावर ठेवली.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण हात हलला तर, म्हणून मी ती पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली. आपण गाडीत बसलो, आईने वाटेत हॅम्बर्गर मागितलं, खाल्लं, घरी आलो. त्या नजरांबद्दल आपण कधी बोललो नाही. मी अजून तशीच आवळून बसलेय, मार्ला.

आणखी एक झालं, ते तू पाहिलंस की नाही मला ठाऊक नाही. शेवटी आईचा पाय उडाला आणि बूट वर रांगांमध्ये जाऊन पडला. कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. मग एक लांबोडका, मुरमांनी भरलेल्या तोंडाचा मुलगा बूट घेऊन खाली आला आणि आईसमोर गुडघ्यावर बसला. त्याने आधी विचारलं, "घालू का?" आई म्हणाली, "घाल. पण लाथ बसली तर ती मी मारलेली नाही, पायाने मारली." तो हसला. तिचा घोटा त्याने तळहातावर धरला, ओढला नाही, दाबला नाही, पाय शांत होईपर्यंत तसाच थांबला, आणि मग बूट चढवला. जाताना त्याने आपल्या दोघींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टर व्हावं असं मला तेव्हा वाटलं. म्हणजे हे वेड मला त्याच खोलीत लागलं आणि मी तीच यादीतून गाळली.

इतक्या उशिरा का, हे सगळीच कॉलेजं विचारणार. माझ्या निबंधात मी लिहिलं होतं, केकवर लोकांची नावं लिहिता लिहिता त्यांची सुखदुःखं जवळून पाहिली, वगैरे. मिसेस क्वार्ल्स म्हणाल्या, साखर जास्त झाली. खरं उत्तर हे की मी वाट बघत होते. आईच्या हातून भांडी सुटायला लागली तेव्हा ती अडतीसची होती. मी ठरवून टाकलं होतं, अडतीस धड ओलांडलं तर मी सुटले. शास्त्र असं काही म्हणत नाही, पण मी शास्त्राला विचारलंच नव्हतं. एकोणचाळिसावा वाढदिवस झाला त्याच आठवड्यात वर्गाला नाव घातलं. मूल होऊ दिलं नाही तेही यासाठीच. रॉसने कारण विचारलं नाही, आणि मी त्याला ते सांगायचं धाडस केलं नाही.

मग टेसाचं लग्न ठरलं म्हणून तू तपासून घेतलंस, आणि सुटलीस. मी तुला मिठी मारली तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? निम्मं-निम्मं आहे, एक सुटली म्हणजे दुसरी अडकली. अनुवंशशास्त्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क आहेत. प्रत्येक मुलाचं नाणं वेगळं उडतं, हे मी शेजारच्या बाकावरच्या पोरांना समजावून दिलंय. पोटातल्या भीतीला ते समजावता येत नाही. तुझा आनंद मला माझी शिक्षा वाटला, आणि हे लिहिताना मला लाज वाटते.

मग टेबलावर मी डॉक्टर व्हायचं बोलले, आणि तू म्हणालीस, "आधी बघून घे ना, कोरी. तू डॉक्टर होईपर्यंत..." आणि थांबलीस. थांबलीस, आणि माझ्या हातातल्या ग्रेव्हीच्या भांड्याकडे पाहिलंस. त्या वर्गाने पाहिलं होतं तसंच. म्हणून मी उठले. फोन करत नाही तोही त्यासाठीच. फोनवर मी काय बोलते ते तू ऐकत नाहीस, माझी जीभ जड झालीय का ते ऐकतेस. मायेनेच ऐकतेस, कळतं मला. पण ऐकतेस.

आता जे टाळत आले ते लिहिते. मार्चमध्ये कुणा यूजीनच्या निवृत्तीचा केक होता. सतरा वर्षं मी ही अक्षरं काढतेय. पहिलं नीट उमटलं आणि दुसऱ्याची शेपटी वाकडी गेली. खरवडून पुन्हा काढलं, पुन्हा वाकडी. मॅनेजर म्हणाला, आयसिंग थंड असेल, जरा थांब. थांबले, मग जमलं. असेलही थंड. पण तेव्हापासून मी कप उचलताना बघते, जिना उतरताना बघते, सही करताना बघते. रॉसने झोपेत पाय झाडला तरी वाटतं माझाच होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण ज्याच्यामागे खरोखरच लागलेला असू शकतो त्याने काय करावं, ते कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

हे सगळं मी मिसेस क्वार्ल्सना सांगितलं. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. खरं लिहिलंस तर काही कॉलेजं तुझा अर्ज गुपचूप बाजूला ठेवतील, म्हणाल्या. मी म्हटलं, मग त्यांचं काय चुकलं? माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली तर तो तीस वर्षं रोगी तपासेल. मी कदाचित पाच.

"तेवीस वर्षांच्या पोराला कुणी विचारतं का, तू किती टिकणार म्हणून?" त्या म्हणाल्या. "आणि तुला पाचच मिळाली, तर त्या पाच वर्षांतले रोगी काय दारातून परत पाठवायचे?"

मला ते पुरतं पटलं असं नाही. अजूनही रोज उलटसुलट विचार करते. पण त्यांच्यासमोर मी रडले, आणि घरी येऊन निबंध नव्याने लिहिला. सगळ्यांना एकच निबंध जातो, त्यामुळे एकाला खरं आणि अकरांना साखर असं चालत नाही. बूट लिहिला. आई लिहिली. निम्मी शक्यता लिहिली, आणि मी अजून तपासलेलं नाही हेही लिहिलं. आपलं कॉलेज बारावं घातलं. काल दुपारी अर्ज पाठवला. बटण दाबताना बोट थरथरलं, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा मला वाटलं, थरथरू दे, याला कारण आहे.

तपासणीच्या आधी पाठवला तो मुद्दाम. निकाल वाईट आला असता तर मी कुठल्याच कॉलेजाचं नाव घातलं नसतं. चांगला आला असता तर त्या वर्गाबद्दल लिहायची गरज नाही म्हणून पळून गेले असते. मी स्वतःला ओळखते.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आज सकाळी तुझी तपासणी झाली त्याच दवाखान्यात फोन केला. अठरा जूनची वेळ मिळाली. रक्त देताना आणि निकाल ऐकताना, दोन्ही खेपांना बरोबर आपलं माणूस लागतं, एकटीला सांगत नाहीत, हे तुला माहीत आहे. फोनवरच्या बाईने विचारलं, तुमच्याबरोबर कोण येईल? रॉसचं नाव ओठांवर आलं होतं. तो नक्की आला असता, बिचारा दारात टोपी चुरगळत उभा राहिला असता. पण रॉस त्या वर्गात नव्हता. मी तुझं नाव सांगितलं, तुला न विचारता. तुमचं नातं काय, तिने विचारलं. थोरली बहीण, म्हटलं.

मला भीती वाटते, मार्ला. निकाल वाईट येईल याची वाटते. चांगला आला आणि कॉलेजांनी तरीही नाकारलं, तर मग दोष कशाला द्यायचा, याचीही वाटते. तू नाही म्हणशील याची तर सगळ्यांत जास्त वाटते, म्हणून हे पत्र टाकून मी पेटीपासून लगेच लांब जाणार आहे.

आलीस तर एवढंच कर. आपण शेजारी बसलेल्या असू आणि डॉक्टर पाकीट उघडेल, तेव्हा तू त्याच्याकडे बघ, भिंतीकडे बघ, कुठेही बघ. माझ्याकडे बघू नकोस. आधी मी तुझ्याकडे बघेन. मग तू बघ, आणि त्यानंतर मात्र नजर काढू नकोस.

जे निघेल त्यासकट, तुझीच धाकटी,
कोरी