दोन मशिनी आणि दोन गावचे कौल

मु. आचरा

चि. मंगेश यास दाजीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर आता काय म्हणते? आम्ही इकडे मजेत आहोत. (फोनच केला असता, पण तुझी वहिनी कान लावून बसते. म्हणून पत्र.)

आपल्या तंबू टॉकीजच्या दोन्ही मशिनींना, म्हणजे बाबांनी हौसेने आणलेल्या त्या प्रोजेक्टरांना, यंदा खाऱ्या हवेने पुरतं धरलं. त्या दुरुस्त कराव्यात हे माझं मत. त्या भंगारात घालून तू देऊ केलेली डिजिटल मशीन आणावी हे तुझ्या वहिनीचं, सुगंधाचं. आठवडाभर जेवताना दुसरा विषय नाही. शेवटी मी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. पाकळी उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. दुरुस्तीच! मिशीला पीळ देत घरी येतो तर ही माहेराहून, देवबागहून, हजर. म्हणे तिथल्या देवाने उजवा कौल दिलाय, नवीन आणा! आता आली का पंचाईत? आपल्या सत्यवान गुरवाला विचारलं, तर तो हात झटकून मोकळा. "दुसऱ्या गावच्या देवाच्या भानगडीत आपण कित्याक पडाचा?"

मी आपल्या देवाचं ऐकलं. एका मशिनीचे भाग काढून दुसरीला बसवले, तेलपाणी केलं आणि शनिवारी खेळ लावला. रीळ गुंडाळताना मात्र गडबड झाली आणि पडद्यावर सगळे खाली डोकं वर पाय. तुळसाकाकी ओरडली, "हिरो बरो आसा रे दाजी, पण उलटो कित्याक लटकवलंस?" ते निस्तरलं. पण मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, मग पुढे. लोक वैतागतील म्हणून मी केबिनमध्ये घामाघूम, आणि बाहेर लोक खूश! दर मध्यंतराला भजी, गप्पा. शर्मिलाच्या मुलीचं लग्न तिसऱ्या आणि चौथ्या रिळाच्या मधे जमलं. मला फार बरं वाटलं रे. बाबांची मशीन चालतेय, अजून काय हवं?

तुझा,
दाजी

ता.क. मे महिन्यात येशील तेव्हा ती डिजिटल आणू नकोस. नांदगाव स्टेशनात उतरताना गाडीतच राहिली म्हणून सांग. मी सगळ्यांसमोर तुला चार शब्द बोलेन, मनावर घेऊ नकोस.

ता.क. भावोजी, भाताचं शीत लावून चिकटवायला यांनी पाकीट माझ्याकडेच दिलं. मशीन आणाच. देवबागला मी भावाकडे जेवून आले, कौलबिल काही लावला नाही. आणि भंगार हा शब्द यांचा. जुन्या मशिनी राहू देत, मी स्वतः पुसून ठेवीन. पण नवीन मशिनीचं बटण दाबलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. लग्न झाल्यापासून मी पुढे खुर्चीत आणि हे मागे केबिनमध्ये. एक तरी सिनेमा मला यांच्या शेजारी बसून बघायचाय.