बर्फावरची काजळी

कोल्हापूर, रविवार, १८ जानेवारी

काल हिमाचलातून परतलो, डोकं अजून तापलेलंच आहे. ऊसगाळपाच्या धुरानं बायकोचा, शालनचा, दमा वाढतो, म्हणून तिला हौसेनं बर्फात नेलं. तिथं स्कीच्या उतारापाशी गाड्यांची रांग, हीटरसाठी सगळ्यांची इंजिनं चालू, बर्फावर काजळी. शालन पंप ओढत बसली. एका गाडीची काच ठोठावली. नंबर आपल्याच कोल्हापूरचा. म्हटलं, "इंजिन बंद करा, बायकोला श्वास घेता येईना."

"मग आमी गारठून मरू व्हय, पावणं? दम्याचं माणूस हितं कशाला आणलासा? चांगल्या हवंला गावाकडंच ठेवायचं की."

गावाकडं? हा राहतो तरी कुठं? त्यानं काच वर केली, इंजिन चालूच. मी पुन्हा ठोठावणार, तेवढ्यात शालननं बाही ओढली.

"चला घरी," म्हणाली, "तिथं दार तरी लावून घेता येतं."