दसऱ्यासाठी ठेवलेले टायर

जुने शहर, अकोला
कार्तिक वद्य द्वितीया, सन १९३८

वहिनींस देवीदासचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे ठीक. बाबांचा खोकला कसा आहे, वांग्यावरची कीड हटली का, ते कळवा.

तुमचं पत्र दिवाळीआधीच आलं. उत्तर मी टाळत होतो. कागद घेतला की सवयीनं वर ‘सौ.’ लिहायचो, मग खोडायचो. त्या जागी आता जे लिहितात ते लिहायला हात धजेना. शेवटी नुसतं वहिनी लिहिलं. सांभाळून घ्या.

तुम्ही विचारलं, तुमाले टायरातलं समजते, तर खरं सांगा, नवे टायर चढवले असते तर हे वाचले असते का.

टायरातलं समजतं, हे खरं. शाळा सोडली, नाटक कंपनीत पडदे ओढले, जिनिंगात कापूस वाहिला, कुठंच टिकलो नाही. खुशालरावांच्या ह्या टायरांच्या दुकानात मात्र रमलो. टायर वाचता येतो, वहिनी. त्याच्या कडेवर आकडे उठवलेले असतात. साडेचार आणि एकवीस असले, की टायर साडेचार इंच रुंद आणि एकवीस इंची चाकावर बसणारा. आणखी एक आकडा आतल्या सुती पदरांचा. चार पदरी माणसं न्यायला, सहा पदरी भाजीच्या पाट्या न्यायला. गिऱ्हाईक हे काही विचारत नाही, नुसती नक्षी बघतं. खुशालराव म्हणतात, पोरगी पाहायला आले जसे.

मग ऋतू. उन्हाळ्यात सडक तापते, टायरातली हवा फुगते. तेव्हा सरळ रेघांचा टायर बरा, आणि हवा सकाळी गार असताना मापायची. पावसाळ्यात त्याच रेघा आपल्या काळ्या मातीनं बुजतात आणि चाक तेल लावल्यासारखं सरकतं. तिथं खोल दातांचा टायर पाहिजे. दोन दातांत जागा असली की चाक फिरता फिरता चिखल फेकत जातं. दात झिजून टायर गुळगुळीत झाला, मग तो कितीही पदरी असो, चिखलात उपयोगाचा नाही.

इथले माळी आता मोरणा नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावून राहिले. दादा असता तर पुलावर गाडी थांबवून बघत बसला असता. पाहा, कुठं लिहायचं आणि कुठं गेलो.

ते दोन टायर ज्येष्ठात दादाला मीच निवडून दिले होते. सहा पदरी, खोल दातांचे, त्याच्या भाजीच्या मोटारीच्या मागच्या चाकांसाठी. पावसाळ्यासाठीच. तुम्ही त्यांना हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवलं. दसऱ्याला पूजा करून चढवायचे आणि पहिली खेप झेंडूची न्यायची. नवी वस्तू आपल्याकडे अशीच ठेवतात, माझ्या आईनंही हेच केलं असतं. पण पावसाळ्याचे टायर पावसाळाभर घरात राहिले.

तुम्हाला दोनदा खोटं लिहिलं आणि फाडलं. लिहिलं होतं की ते टायर रेघांचे होते, त्यांनीही काही झालं नसतं. पण तुम्ही ते रोज बघता. बोट फिरवलं तरी दात लागतात.

तेव्हा उत्तर असं, वहिनी. हो. बहुतेक वाचला असता. तेरवी झाल्यावर मी एकटाच चांदूरच्या रस्त्यानं, दादाची मोटार जिथं उलटली त्या नाल्यावर गेलो होतो. उतारावर घसरल्याचे माग अजून होते, चिखल वाळून तसेच राहिलेले. चाकांनी कुठंच जमीन धरली नव्हती.

एवढ्यावर पत्र संपवू नका. पुढचं वाचा.

पोळा झाल्यावर दादा वांगी घेऊन अकोल्याला आला होता. मागचे टायर अगदी टक्कल पडलेले, घसरू नये म्हणून त्यांना काथ्याचा दोर गुंडाळलेला. मी चिडलो. म्हटलं, वहिनीला सांगितलं का, दात गेले म्हणून. तो टपावर बसून वांग्यांची देठं खुडत होता. म्हणाला, “कायले सांगू? सांगतलं तर तुयी वहिनी आजच काढून देईल ते. अन् मंग देवापासून उचलले म्हणून वर्षभर मनात खात राहील. दोर हाय ना रे. दसरा काई दूर नाई.”

तुम्ही टायर अडवून धरले नव्हते, वहिनी. तुमच्याकडे कोणी मागितलेच नाहीत. त्याला सगळं समजत होतं, आणि त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या मनाला लागू नये म्हणून. मला त्याचा राग येतो आणि मग रागाचाही राग येतो. ह्यात तुमच्या वाट्याचं काही असेल तर फक्त हे, की तो तुम्हाला फार जपत होता.

खुशालराव बाहेरून हाक मारून राहिले. थांबा, पाहून येतो.

वहिनी, तुम्हीच आलात. हमालाच्या गाडीवर ते दोन टायर, कुंकू अजून तसंच. बाबांना सांगून आलात की न सांगता, हेही मी विचारलं नाही. पाणी दिलं, बाकावर बसवलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंडानं मला हे सांगता येणार नाही. म्हणून आत येऊन ह्या चार ओळी पुऱ्या करतो आणि पत्र तुमच्या हातात देतो. तुमचं वाचून होईपर्यंत मी नदीकडे तोंड करून उभा राहतो.

तुमचा धाकटा दीर, तुम्ही हाक माराल तेव्हा वळणारा,
देवीदास