मागच्या चाकावरचे चार आकडे

बाबा,

उद्या सकाळी मी ज्या पंचवीस-तीस लोकांसमोर बोलणार आहे, त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी टायरच्या दुकानात ऐकवलं गेलं आहे की दाखवतो ते घ्या, तुम्हाला त्यातलं काय कळतं. त्यांत एक दातांची डॉक्टर आहे, दोघंतिघं सरकारी कार्यालयांत फायली हलवतात, एक जण पंडरीच्या कापडबाजारात ठोक माल विकतो. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही शहराबाहेरच्या एका बंद कारखान्याच्या काँक्रीटच्या आवारात रबरी शंकू मांडतो आणि आपापल्या छोट्या गाड्या एकेक करून पळवतो. बक्षीस नसतं, टाळ्या वाजवायला कोणी नसतं. आपली गाडी वळणावर कुठवर साथ देते आणि आपण कुठे घाबरतो, एवढं कळतं. यंदा नव्याने येणाऱ्यांना टायर कसे निवडावे हे सांगायला मला उभं केलं आहे. सभा गाजवणारी बाई आहे, दहा मिनिटं सहज बोलेल, असं त्यांना वाटतं. बोलेनच. पण त्या दहा मिनिटांत जे मावणार नाही ते आधी तुम्हाला ऐकावं लागेल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून सुटलात असं समजू नका.

मला तुमचं दुकान आठवतं. रस्त्यापर्यंत आलेल्या टायरांच्या चवडी, ट्यूबना चोळायच्या शंखजिऱ्याचा वास, आणि कोपऱ्यात तो ब्रश आणि काळ्या पॉलिशचा डबा. घरात पुस्तकं यायच्या आधी मी टायर वाचले. त्यांच्या बाजूंवरची उठावाची अक्षरं बोटाने चाचपत वाचली आणि त्यांचा अर्थ विचारून विचारून तुम्हाला भंडावून सोडलं. माळ्यावरून उतरवलेला टायर धुळीने करडा झालेला असायचा. तुम्ही मांडी घालून बसायचात आणि त्याला पॉलिश लावायचात, इतकं मन लावून की मला तो टायर हेवा वाटण्याइतका लाडका वाटायचा. अर्ध्या तासात करडा टायर काळाभोर. गिऱ्हाईक आलं की तो नवा.

मी एकवीस वर्षांची होते. एक गृहस्थ बायको आणि दोन मुलांना घेऊन आले होते, गाडी रस्त्यात उभी होती. तुम्ही त्यांच्यासमोर एक टायर फिरवून दाखवत होतात आणि मी सवयीने खाली बसून वाचत होते. बाजूवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. मी म्हटलं, "बाबा, हा साडेचार वर्षांपूर्वी बनलेला आहे." गृहस्थ थबकले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याकडे पाहून हसलात आणि म्हणालात, "बच्ची है भैया, पढ़-पढ़ के दिमाग गरम हो गया है." सगळे हसले, त्यांची मुलंही. गाडी गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढला नव्हता. "पोट्टी, पुस्तकं कॉलेजात वाच. टायर मले वाचता येते. जे चाललंच नाही ते जुनं काहून होईन?"

ते वाक्य मी बावीस वर्षं चघळते आहे. तुम्ही लबाड असतात तर मी एव्हाना मोकळी झाले असते. पण तुम्ही लबाड नव्हतात. पंक्चर नसेल तर पैसे न घेता चाक परत लावून देणारा माणूस होतात. तुमचा खरोखरच विश्वास होता की न वापरलेली वस्तू काळाच्या हाती लागत नाही. आपलं सगळं घर त्याच विश्वासावर चालत होतं. गोल बाजारातून आणलेल्या डब्यावरचं लेबल काढायचं नाही, काचेचे पेले पाहुण्यांसाठी, चांगली चादर कोणी येईल तेव्हा. पाहुणे येत नसत आणि चादरी घडीवर फाटत. चादर फाटली तर माणूस उघडा पडत नाही, बाबा. रबर मात्र अंधारात बसल्या बसल्या आतून वाळतं, त्याचे थर एकमेकांना सोडत जातात, आणि वरची नक्षी शेवटपर्यंत नवीकोरी दिसते. तुम्ही आयुष्यभर त्या नक्षीत नखं रोवून खोली मोजलीत. टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते कधी वाचलं नाहीत. टायरचा धंदा करणाऱ्याने हे वाचायचं नाही, तर कोणी वाचायचं?

मग मला नोकरी लागली आणि मी जुनी छोटी गाडी घेतली. तुम्ही ती दुकानात आणायला लावलीत. माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेले चार टायर उतरवलेत, भुकटी झटकलीत. किती जणांनी मागितले होते, तुम्ही दिले नव्हते. म्हणालात, "तुह्यासाठी ठेवले होते. माल आला त्या दिवशीच बाजूले काढले." तुमच्या हातांना पॉलिश लागलं होतं आणि तुम्ही तसेच माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. मी नोकरीला लागेन, गाडी घेईन, यावर घरात दुसऱ्या कुणाचाही भरवसा नव्हता तेव्हा तुम्ही ते टायर बाजूला काढले होते, हे मला त्या क्षणी कळलं. सहा वर्षं त्या माळ्यावर, आपल्या रायपूरच्या पत्र्याखाली, सहा उन्हाळे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका. मे महिना, दुपार, राजनांदगावचा रस्ता. आई शेजारी बसली आहे, मावशीकडे न्यायच्या लोणच्याची बरणी मांडीवर. ती मला विचारते आहे की मावशीकडे किती दिवस राहायचं. मागच्या उजव्या टायरची वरची सालच्या साल निघून आली. आधी एक आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली आणि आम्ही बाभळीवर गेलो. आईचं मनगट मोडलं, बरणीच्या काचा तळहातात शिरल्या. ते मनगट आजही पुरतं वळत नाही. पोळी लाटताना लाटणं एका बाजूला जातं आणि ती पोळीच फिरवून घेते.

तुम्ही कोणाच्या तरी जीपमधून आलात. आई झाडाखाली बसली होती. तुम्ही आधी तिच्याकडे गेलात, खरं तेच सांगते. मग तुम्ही मागच्या चाकापाशी उकिडवे बसलात. तुम्ही तळहात फिरवलात, बोट त्या लांबट चौकटीवर आणलंत, आणि तिथे थांबलात. मी पाच पावलांवर उभी होते. तुम्ही वाचलंत, बाबा. आयुष्यात पहिल्यांदा वाचलंत. उठलात, आणि जमलेल्या लोकांना म्हणालात, "पोट्टी जोरात चालवते."

त्यानंतर सगळ्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, मी जोरात चालवणारी झाले. लग्नात, बारशात, कुणाला दवाखान्यात सोडायचं असलं तरी, "हिच्यासोबत नको रे बाबा". लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. आणि इकडे काय केलंत? दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीचे उरलेले तिन्ही टायर गायब, चारही ताजे लावलेले. आठवड्याभरात माळा रिकामा. तो सगळा माल तुम्ही बैलगाड्यांसाठी देऊन टाकलात, जिथे चाक माणसाच्या पायांपेक्षा वेगाने फिरत नाही. पॉलिशचा डबाही पुन्हा दिसला नाही. लोक म्हणाले, म्हातारपणी दानधर्म सुचला. मी गप्प राहून बघत होते. तुम्हाला सगळं कळलं होतं. तुम्ही चूक सुधारलीत, पण कबूल केली नाहीत, आणि माझा राग त्यावर आहे.

कारण माळा रिकामा करून काय होणार होतं? जे टायर आधीच विकले होते ते रस्त्यावर होते. तो गृहस्थ, त्याची बायको, ती हसणारी दोन मुलं याच शहरात कुठेतरी त्या टायरांवर फिरत होती. तुम्हाला गिऱ्हाइकांचे चेहरे पाठ असायचे, कोणी कुठे राहतो ते ठाऊक असायचं. एक सायकल आणि चार दिवस पुरे होते. दारोदार जाऊन सांगायचं, की भैया, मी दिलेला टायर काढून टाका, माझं चुकलं. तुम्ही गेला नाहीत. तुमची इज्जत राखली गेली, आणि ती कुणाच्या तरी लेकराबाळांच्या जिवावर राखली गेली. मी व्यासपीठांवरून मोठमोठ्या लोकांना विचारलं आहे की गप्प बसून तुम्ही कुणाला वाचवलंत. प्रत्येक वेळी समोर तुम्ही असायचात.

गाडी पळवायला मी त्यातूनच शिकले. मी खरंच जोरात चालवते का, ते मला एकदा बघायचं होतं. त्या आवारात मला टायरांची नवी शाळा मिळाली. मऊ रबराचे, खास शर्यतीचे टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि मग एकाएकी सोडतात. ते शिकणाऱ्याला आपली चूक कळूच देत नाहीत. रोजचा साधा टायर वळणावर आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, मग सरकतो. तो तीनदा सांगतो. म्हणून नव्या माणसाने साधाच घ्यावा, चारही एकाच जातीचे, ताजे, गार असताना हवा मोजलेले, आणि चार फेऱ्यांनी पुन्हा मोजलेले, कारण तापला की आतली हवा फुगते. कडेला खडूने रेघ ओढायची. फेरी मारून आल्यावर रेघ किती पुसली ते बघायचं, म्हणजे टायर किती कलंडतो ते कळतं. खडूची रेघ तुम्हीही मारायचात, विकलेल्या टायरवर खूण म्हणून.

आज दुपारचं सांगते. माझ्या लेकीला अठरा पूर्ण झाली, उद्या ती पहिल्यांदा तिथे चालवणार. ती मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते, पण गाडीचं वेड पक्कं आपलं आहे. कुठल्याशा ओळखीच्याकडून तिने मऊ रबराचे चार टायर आणले, कागदात गुंडाळलेले. अंगणात ठेवून म्हणाली, "मम्मी देखो, एक बार भी नहीं चले." आई दारात भाजी निवडत होती. मी खाली बसले आणि वाचलं. नऊ वर्षं. मी ते सांगितलं. लेक म्हणाली, "तो क्या हुआ, रखे ही तो थे." तुमचंच वाक्य, बाबा, तुम्हाला कधी न पाहिलेल्या पोरीच्या तोंडून. मी तडकले. म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. आणि म्हणताक्षणी मला माझी किळस आली, कारण हेही तुमचंच.

लेकीचं तोंड उतरलं. तेवढ्यात आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "तुले बाबायनं दिले होते, ते बी असेच ठेवलेलेच होते ना वं?" तिने मनगट चोळलं. "त्यायच्यात खोट होती काय?"

हजार माणसांपुढे न अडखळणारी मी आत निघून आले आणि हे पत्र लिहायला बसले. लेकीच्या गाडीला साधे, ताजे टायर आहेत, तेच राहतील, त्यावर वाद नाही. पण बाहेर आई अजून भाजी निवडते आहे आणि तिला उत्तर हवं आहे. ते उत्तर दिलं की तुम्ही तिच्या नजरेतून उतरता. एवढी वर्षं मी तेच कारण धरून बसले होते, तुमच्यासाठी गप्प आहे असं. ते खोटं आहे. त्या दिवशी दुकानात, तुमचा पॉलिशचा हात डोक्यावर असताना, मी खाली बघून मागच्या चाकावरचे चार आकडे वाचले होते. सहा वर्षं, हे मला कळलं होतं. तुम्ही इतके खूश होतात. मी "छान आहेत" म्हटलं आणि दोन महिन्यांनी आईला त्याच टायरांवरच्या गाडीत शेजारी बसवलं. तुम्ही माझ्यावर ढकललंत तेव्हा मला राग आला, आणि कुठेतरी बरंही वाटलं, कारण कोणी मला ते आकडे विचारले नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. याची घडी घालून मी अंगणात जाणार आहे, आईजवळ बसून तिला सांगणार आहे, आधी माझं आणि मग तुमचं. उद्या आई सावलीत खुर्चीवर असेल, लेक हेल्मेट घालत असेल, आणि दहा मिनिटं भाषण करायला उभी राहिलेली मी त्या सगळ्यांना एकच गोष्ट करायला लावणार आहे: गाडी सुरू करायच्या आधी मागच्या चाकापाशी खाली बसा, ते चार आकडे शोधा, आणि तुमच्या शेजारी जो बसणार आहे त्याला ऐकू जातील इतक्या मोठ्याने वाचा.