कुंभारीच्या शिबिरातली लांब शिट्टी

बाई, तुमच्यावर माझा राग आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. परवा इथल्या शाळेनं मला मुलींच्या शिबिरात बोलायला बोलावलं होतं. "शिबिरानं तुम्हाला काय दिलं ते सांगा," असं तिथल्या तरुण शिक्षिका म्हणाल्या. मी शिस्त, धाडस, स्वावलंबन असं काहीबाही सांगितलं, टाळ्या झाल्या, आणि घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलं. कारण शिबिर म्हटलं की मला अजून आधी रक्त दिसतं. तुमच्या कानावरून मानेवर आणि तिथून पांढऱ्या लुगड्यावर उतरणारं.

तुम्ही फार मायाळू होतात असं आता लोक म्हणतात. मला हसू येतं. शाळेमागच्या मैदानात आपलं पथक कवायत करायचं तेव्हा कुंपणाबाहेरून खडे यायचे, आठवतं? सोलापुरात तेव्हा मुलींनी काठी फिरवणं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. एकदा एका मुलीची भुवई फुटली. तुम्ही आम्हा सगळ्यांना गोळा करून तिच्या त्या भुवईवरच मलमपट्टी कशी बांधायची ते शिकवलंत, आणि बांधून झाल्यावर तिला पुन्हा रांगेत उभं केलंत. तंबूची गाठ सैल निघाली की तुमची छडी बोटांच्या पेरांवर बसायची. घरी मार, शाळेत मार, रस्त्यात खडे. फरक एवढाच की तुमच्या माराचं कारण आम्हाला आधीपासून ठाऊक असायचं, आणि त्या वयात तेवढंसुद्धा पुष्कळ वाटायचं.

आमच्या घरी कारण लागत नसे. अप्पा, माझे वडील, गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचे मुकादम, होते, हाताखालच्या माणसांवर ओरडून ओरडून आवाज चिरलेला, आणि संध्याकाळी तोच आवाज आणि तोच हात घेऊन ते घरी यायचे. आई भाकरी थापता थापता मार खायची आणि तव्यावरची भाकरी करपू द्यायची नाही. मी पथकाची काठी पहिल्यांदा घरी नेली त्या संध्याकाळी अप्पांनी ती माझ्याच पाठीवर मोडली. दुसऱ्या दिवशी मी दोन तुकडे घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही माझी पाठ बघितलीत. सांत्वनाचा एक शब्द काढला नाहीत. कोपऱ्यातली दुसरी काठी उचलून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही जरा जाड आहे." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली भेट.

मग त्या दिवाळीत अप्पांनी माझं लग्न ठरवलं. मी तेरा वर्षांची, नवरा बिजवर, अप्पांच्याच वयाचा, त्यांच्याच गिरणीतला. शिबिर संपायच्या आत सुपारी फोडायची होती. आईनं अप्पांना न विचारताच शिबिरासाठी माझं गाठोडं बांधलं. "जा, तितं तरी चार दीस सुकानं ऱ्हा," एवढंच म्हणाली. ते तिला किती महागात पडलं ते मला नंतर कळलं. तिचे पुढचे दोन दात त्यात गेले.

कुंभारीच्या वाटेवर एका वकिलांच्या शेतात, विहिरीपलीकडे आपले तंबू होते. तुमच्या शिट्टीचे नियम आम्हाला झोपेतही पाठ होते. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे असाल तिथून धावून या. एक लांब शिट्टी म्हणजे असाल तशा थांबा, पापणीसुद्धा हलवायची नाही. आदल्या वर्षी एका मुलीच्या पायाशी घोणस निघाली होती. तुम्ही लांब शिट्टी फुंकलीत, ती मुलगी दगडासारखी उभी राहिली आणि घोणस तिच्या टाचेला घासून निघून गेली. तेव्हापासून त्या शिट्टीवर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास बसला होता.

दुपार आहे. आम्ही काठ्या घेऊन दोन रांगांत उभ्या आहोत. बांधावरून अप्पा येताना दिसतात, हातात बैलाचा चाबूक, आणि मागून माझे मामा धापा टाकत.

"कुटं हाय ती? ए, चल घरला! तुज्या आयची हाडं ढिली करून आलोय, आता तुजी."

तुम्ही रांगेपुढे येता. "शिबिर संपलं की मुलगी घरी येईल. तुम्ही शेताबाहेर व्हा."

"बाई, तुमी मदी पडू नका. लेक माजी हाय. कापीन न्हायतर विकीन."

"इथं आहे तोवर ती माझी आहे."

"दाजी, जाऊ द्या की, बाईमानूस हाय," मामा मागून म्हणतात, पण बांधावरून खाली उतरत नाहीत.

अप्पा माझी वेणी धरतात आणि मला ढेकळांवरून फरफटत नेतात. तुम्ही धावून त्यांचा हात धरता. ते वेणी सोडतात, वळतात, आणि पहिला चाबूक तुमच्या खांद्यावर बसतो. तुम्ही गळ्यातली शिट्टी तोंडात धरता आणि फुंकता. लांब.

बाई, तुम्हाला तीन आखूड फुंकायच्या होत्या. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण कळणं निराळं आणि पाय निराळे. सगळं पथक होतं तिथेच थिजलं. हातात काठ्या, आणि एकही मुलगी हलत नाही. अप्पा मारताहेत. तुम्ही गुडघ्यांवर आलात, तुमच्या कानाची पाळी फाटली, तुम्हाला पुन्हा फुंकायला श्वास मिळेना. एक मुलगी उभ्या उभ्या लुगड्यात ओली झाली पण तिनं पाय हलवला नाही. मामा बांधावरून रडकुंडीला येऊन ओरडत होते, "अगं पोरींनो, बगता काय नुसतं? मारत्यात की बाईला!" तुम्ही घडवलेलं चारित्र्य ते, बाई. असं उभं होतं.

मी हलले. कशी, ते मला अजून सांगता येत नाही. माझी पडलेली काठी उचलली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून हाणली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. चाबूक खाली पडला आणि अप्पा सरीतच बसले, उजवं मनगट डाव्या हातात धरून. ते मनगटाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मामांनी त्यांना काखेत धरून उठवलं आणि नेलं.

मला वाटलं आता तुम्ही मला पोटाशी धराल. तुम्ही पदरानं कान दाबलात, उठलात, आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "शिट्टी झाली होती. तू हललीस कशी?" संध्याकाळी पिठल्याची करपलेली पातेली मला एकटीला घासायला लावलीत. माझा राग तिथला आहे. अप्पांच्या माराचा एकही वळ मला इतका झोंबला नव्हता.

लग्न मोडलं. बापाचं मनगट मोडणारी बायको नको, असा त्या बिजवराचा निरोप आला. गिरणीत लोक अप्पांना हसले, आणि त्या हाताचा पुन्हा आईवर जोर चालला नाही. तुम्ही मला स्वतःच्या खोलीवर ठेवून घेतलंत, मॅट्रिक होईपर्यंत पोसलंत, आणि दर वर्षी नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून तीच गोष्ट सांगितलीत. "हिला एवढा राग आला होता, तरी हिनं नेम धरून मनगटावरच मारलं. जीव घ्यायचा नाही, हत्यार पाडायचं. शिबिरात शिकायचं ते हेच." मुली माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. शिट्टी चुकली होती हे तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि तुमचा फाटका कान बघून मीही कधी काढलं नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा, औषध देताना, तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "त्या दिवशी तुझा तोल गेला नाही, म्हणून माझं सगळं आयुष्य कारणी लागलं." मी चमचा तुमच्या तोंडाशी धरला.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. मी मनगटावर मारलं नव्हतं, बाई. माझा नेम डोक्यावर होता. अप्पांनी पुढचा फटका मारायला हात वर नेला आणि तो मध्ये आला. मला त्याची लाज वाटत नाही. तुम्ही पुन्हा तशा गुडघ्यांवर दिसलात तर मी तिथेच नेम धरीन.